महापुरात बुडालेली 207 परत रस्त्यावर: हरिपूरच्या अंगणात 14 महिने

गाडी टाटाची 207, 1998 चं मॉडेल, सिंगल केबिन आणि मागं हौदा. डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनवाली, नव्हे बरं का, तिच्या आधीची, 1948 सीसीच्या इंजिनची. पासिंग एमएच 10. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, नवीन घेतलेली, आणि पहिल्या दिवसापासून तिचं काम एकच, हरिपुरातनं हळदीची पोती भरायची आणि सांगलीच्या मार्केट यार्डात टाकायची. हरिपूरची पेवं ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको, जमिनीत खोल खणलेली, हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची त्यात. 2005 च्या पुरात बरीचशी पेवं बाद झाली आणि पेवाचा धंदा कमी झाला, पण अप्पांची गाडी चालूच राहिली, हळद नसली तर द्राक्षाच्या पेट्या, पेट्या नसल्या तर ऊसाचं बेणं, काहीतरी असायचंच.

हे सगळं मी सविस्तर लिहायला घेतलंय ते एवढ्याचसाठी की आपल्याकडं दर पुरानंतर अशा गाड्या अंगणात उभ्या राहतात, लोक वरनं धुतात, चालू करतात, चार महिन्यांनी कंटाळून भंगारात घालतात. आमची पण त्याच रस्त्यावर होती. ती का बिघडली, कुठं पैसे वाया गेले आणि शेवटी काय केल्यावर ती उभी राहिली ते जसं घडलं तसं सांगतो.

2019 चा ऑगस्ट. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम, दोन्ही नद्यांचं पाणी एकदम. आम्ही आधी आजीला, मग जनावरांना काढलं, आणि गाडी काढायला परत येऊ म्हणेपर्यंत रस्ता गेला. सहा दिवस गाडी पाण्यात होती, स्टेअरिंगच्या वर पाणी. उतरल्यावर बघितलं तर सीटवर चार बोटं गाळ आणि डॅशबोर्डवर कुणाच्या तरी घरातलं पाटाचं लाकूड. इन्शुरन्स थर्ड पार्टीचा, त्यामुळं भरपाईचा प्रश्नच नाही.

आता खरी चूक इथं झाली आणि ती माझी आहे. मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, मोजमापाचंच काम करतो, मला एवढं तरी कळायला पाहिजे होतं. मी ऑइल काढलं, पांढरट चहासारखं निघालं, नवीन भरलं, डिझेलची टाकी सोडून धुतली, फिल्टर बदलले, एअर फिल्टरच्या डब्यातला गाळ काढला आणि वाटलं झालं. बॅटरी मेलेली म्हणून शेजारच्यांचा ट्रॅक्टर लावला, गाडी तिसऱ्या गिअरला टाकून ओढली. क्लच सोडला तसं इंजिन अर्धा फेरा फिरून खटकन अडकलं, मागची दोन्ही चाकं चिखलात घसरत गेली. परत एकदा केलं. तिसऱ्यांदा फिरलं, सायलेन्सरमधनं पाण्याचा फवारा आला, मग धूर, मग चालू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आईनं नारळ फोडला.

त्या खटक्यात काय झालं ते मला कळायला चार वर्षं लागली.

चालू झाल्यावर गाडी सकाळी उठायची नाही. हिटर, म्हणजे चालू करायच्या आधी सिलेंडर गरम करणारे प्लग, तीन-तीनदा लावायला लागायचा, उठली की दहा मिनिटं पांढरा धूर, एक सिलेंडर मारत नसल्यासारखी थरथर, गरम झाली की बरीचशी गप्प. लोड घेतलं की दम नाही. गॅरेजला दाखवली. त्यांचं म्हणणं डिझेलच्या पंपात पाणी गेलंय, ते खोटं नव्हतं, पुराच्या गाडीत पंपात पाणी जातंच, म्हणून पंप उघडून किट टाकलं. फरक नाही. मग डिझेलचा फवारा मारणारे चारी नोझल बदलले. थोडा फरक वाटला, वाटलाच फक्त. मग हिटर प्लग चारी. मग परत पंपाचं टायमिंग. असं करत करत 31 हजार गेले आणि गाडी होती तिथंच. फेब्रुवारी 2020 मध्ये अप्पा म्हणाले, ठेव आता लिंबाखाली, बघू पुढं. पुढं लॉकडाऊन लागलं आणि गाडी लिंबाखालीच राहिली.

2023 च्या दिवाळीत भंगारवाला दारात आला, त्यानं भाव सांगितला आणि अप्पा काही बोलले नाहीत, नुसते उठून आत गेले. अप्पा 71 चे. मी त्याला परत पाठवला आणि ठरवलं की आता करायचं तर नीट करायचं, अंगणातच करायचं, आणि मोजल्याशिवाय एक पण पार्ट बदलायचा नाही.

सगळ्यात पहिलं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवेचा दाब किती होतो ते, बघितलं. हे 2019 लाच करायचं होतं. गेज आणि हिटर प्लगच्या भोकात बसणारा अडॅप्टर मिळून 2,800 रुपयांत आला, म्हणजे एका नोझलच्या आसपास. आता हे महत्त्वाचं, फिरवायच्या आधी चारी हिटर प्लग काढले, प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडून दोन दिवस मुरू दिलं, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं दोन फेरे सावकाश फिरवले आणि कुठं अडत नाही म्हटल्यावरच स्टार्टर मारला. रीडिंग आलं पहिला 26, दुसरा 27, तिसरा 19, चौथा 26. परत घेतलं, तेच.

तिसऱ्यात 19. आता कॉम्प्रेशन कमी असायची कारणं नेहमीची तीन, रिंगा, व्हॉल्व किंवा हेड गॅस्केट. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलच्या झाकणातनं फुसफुस आली असती, ती नव्हती. गॅस्केट शेजारच्या सिलेंडरमध्ये फुटलं असतं तर दोन जोडीनं कमी आले असते, एकटा तिसरा नाही. राहिले व्हॉल्व, म्हणून हेड उतरवलं, पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं, एक थेंब पण खाली आला नाही. हेड एकदम चांगलं. मग मी कामावरचा डायल गेज आणला, ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर ठेवला आणि एकेक पिस्टन वर आणून उंची घेतली. पहिला, दुसरा, चौथा जवळजवळ सारखे. तिसरा 1.2 मिलिमीटर खाली.

म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकलेला. डोळ्यानं दिसणार नाही एवढा, पण वाकलेला. त्या दिवशी ट्रॅक्टरनं ओढताना तिसऱ्या सिलेंडरमध्ये पाणी होतं, हवा दबते, पाणी दबत नाही, पिस्टन वर यायला बघतोय आणि वर जागा नाही, मागनं ट्रॅक्टरची ताकद, मग सगळ्यात कमजोर काय तर रॉड. स्टार्टरनं कदाचित एवढं झालं नसतं, स्टार्टर अडकून थांबला असता, ट्रॅक्टर थांबत नाही.

1.2 मिलिमीटरनं काय होतंय असं मिस्त्री पण म्हणाले मला. हिशोब करून बघा. हे इंजिन 483, म्हणजे चार सिलेंडर आणि 83 मिलिमीटरचा बोअर (सिलेंडरची रुंदी), स्ट्रोक (पिस्टनची चाल) 90. समजा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, 22 धरला, तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा 90 ला 21 नं भागून सुमारे 4.3 मिलिमीटर उंचीएवढी. त्यात 1.2 वाढवा, झाली 5.5. आता रेशो निघतो साडेसतराच्या आसपास. डिझेलला स्पार्क नाही, दाबून गरम झालेल्या हवेवरच ते पेटतं, आणि हे जुन्या पद्धतीचं, हेडमध्ये वेगळा चेंबर असलेलं इंजिन, त्याला थंडीत आधीच हिटर लागतो. 22 चं साडेसतरा झाल्यावर सकाळी तो सिलेंडर पेटणारच नाही, न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुरासारखं बाहेर येणार, आणि इंजिन गरम झालं की कसंबसं पेटणार. आमच्या गाडीचं दुखणं अक्षरश: हेच होतं आणि आम्ही चार महिने पंप आणि नोझलच्या मागं.

एक चांगलं आहे, हे 1948 सीसीचं इंजिन टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) सिएरा, इस्टेट आणि नंतर 1994 ला आलेल्या सुमोमध्ये पण टाकलं, त्यामुळं पार्ट अजून मिळतात. रॉड, बेअरिंगचा सेट, तिसऱ्याचा पिस्टन सगळं सुमोचं म्हणून मागितलं आणि मिळालं. ब्लॉक आणि क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात नेले. तिसऱ्या बोअरमध्ये एका अंगाला घासलेलं होतं कारण रॉड वाकला की पिस्टन तिरका चालतो. बोअरिंग, क्रँक पॉलिश, सगळे रॉड सरळ आहेत का ते तपासणं, नवी गॅस्केट, ऑइल पंप साफ, सगळं धरून इंजिनला 58 हजार. परत जुळवलं तेव्हा डायल गेज परत लावला, चारी पिस्टन सारखे बघितले आणि मगच हेड बसवलं.

इंजिन जागेवर आलं म्हणजे निम्मं झालं असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. पुराच्या गाडीत खरा रोग चेसीत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात, असतो.

हौदा उतरवला, सात जण लागले. चेसी वरनं बरी दिसत होती, गंज होता पण पोपडे नव्हते. मग मोबाइलला लावायचा 900 रुपयांचा नळीचा कॅमेरा आणला आणि चेसी जिथं जिथं डब्यासारखी बंद आहे तिथल्या भोकातनं आत घातला. आत गाळ. कोरडा नाही, चार वर्षं झाल्यावर पण ओलसर. आपली काळी माती पाणी किती धरून ठेवते ते शेतकऱ्याला सांगायला नको, तीच माती चेसीच्या पोटात बसलेली, दर पावसाळ्यात पाणी पिणार आणि पुढचे आठ महिने लोखंडाला ओलं ठेवणार. बाहेरनं कितीही धुवा, रंग मारा, आतनं पत्रा खातच राहणार. मी पाइपला वाकडं तोंड करून घेतलं आणि प्रेशर वॉशरनं तीन रविवार तेच काम केलं, एका भोकातनं पाणी घालायचं, दुसऱ्यातनं चिखल काढायचा, मग कॉम्प्रेसरची हवा. निघालेला गाळ वाळवून हळदीच्या काट्यावर टाकला, 11 किलो भरला. दारांच्या आतला आणि केबिनच्या उंबऱ्यातला वेगळाच.

गाळ गेल्यावर हातोडीनं ठोकत गेलो. चांगल्या ठिकाणी टणटण आवाज, खाल्लेल्या ठिकाणी बद्द. दोन जागा सापडल्या, मागच्या कमानीचा (पाट्यांच्या स्प्रिंगचा) शॅकल बसतो तिथं डावीकडं, आणि केबिनच्या मागच्या क्रॉस मेंबरजवळ. वेल्डिंगला मिस्त्री घरी बोलावले, बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडल्या. मिस्त्रींनी पट्टी चौकोनी न लावता दोन्ही टोकांना निमुळती केली, सरळ आडवी वेल्डिंगची रेघ चेसीवर मारली की लोड आल्यावर ती त्याच रेघेवर तडकते म्हणाले, आणि वरच्या-खालच्या कडेला आडवं वेल्डिंग केलंच नाही. असा माणूस मिळाला म्हणून काम टिकलं.

एक प्रसंग सांगतो, काळजाचा ठोका चुकला होता माझा. भाचा ग्राइंडरला वायर ब्रश लावून चेसी साफ करत होता, मी पलीकडं होतो, आणि तो उजव्या बाजूनं साफ करत करत चेसी नंबरच्या चार बोटांवर आला होता. ओरडलो तेव्हा थांबला. ते आकडे घासले गेले असते तर गाडी कितीही चांगली होऊ दे, आरटीओत तिची ओळखच पटली नसती, ते पेन्सिलनं त्याच आकड्यांचा छाप घेतात. त्या जागेला हातानं, रॉकेल आणि मऊ ब्रश, वर पातळ प्रायमर, लांबी (पुट्टी) अजिबात नाही. काम सुरू करायच्या आधीच त्यावर चिकटपट्टी लावून ठेवायला पाहिजे होती.

सुट्या पार्टचा गंज काढायला मी मोलॅसिस वापरलं, साखर कारखान्याची मळी, पशुखाद्यवाल्याकडं सुटी मिळाली. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लॅस्टिकचं पिंप, त्यात ब्रॅकेट, बिजागऱ्या, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) साखळ्या, कोयंडे बुडवून दोन-तीन आठवडे विसरून जायचं. गंज सुटतो, चांगल्या लोखंडाला हात लागत नाही. वास भयंकर येतो, आई रोज बोलायची, पिंप शेवटी परसाच्या टोकाला नेलं. त्यात ॲल्युमिनियमचं काही टाकू नका, खराब होतं. काढल्यावर लगेच धुऊन वाळवायचं आणि त्याच दिवशी प्रायमर, नाहीतर तासाभरात परत तांबूस. काही घाईच्या पार्टला धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जरची पद्धत केली, पार्टला निगेटिव्ह, जुन्या सळईला पॉझिटिव्ह. त्यात सळई स्टेनलेसची घ्यायची नाही, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावरच करायचं.

चेसीच्या आत शेवटी मेणाचा स्प्रे मारला, लांब नळीनं, प्रत्येक भोकातनं. गावात सगळे सांगत होते जळकं ऑइल मार, फुकट आहे. माझं मत स्पष्ट आहे, जळकं ऑइल पहिल्या उन्हाळ्यात ठिबकून जातं, रबरी बुश खराब करतं आणि अंगणातली माती नासवते. आणि निचऱ्याची भोकं, जी गाळानं बुजलेली होती, ती सगळी मोकळी करून त्यांचा कागदावर नकाशाच काढून ठेवला.

ब्रेक आणि ॲक्सलचं थोडक्यात सांगतो. व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडर, पाइप, होज सगळं नवीन, जुनं उघडून सुद्धा बघितलं नाही, पुराच्या गाडीच्या ब्रेकमध्ये बचत करायची नसते. ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरसाठी डिझेल इंजिनला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, तो उघडून साफ केला. मागच्या डिफरन्शियलचं ऑइल पण दुधाळ निघालं, आणि गिअर बॉक्सचं पण, कारण वर हवा जायला जी बारीक टोपी असते तिथनं पाणी आत जातं. दोनदा ऑइल भरून, चाक उचलून फिरवून, परत काढलं, मग बेअरिंग बदलून तिसऱ्यांदा भरलं. त्या हवेच्या टोपीला रबरी नळी जोडून वर हौद्याखाली उंच नेली, 60 रुपयांचं काम. पुढं टॉर्शन बार आहेत, ते बरे होते, बॉल जॉइंट आणि बुश बदलले. सगळं धरून 27 हजार. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका, लोखंडी घोड्या लावा, मी मिस्त्रींना पण घोड्या नसताना खाली जाऊ दिलं नाही.

वायरिंगवर आम्ही आधी चुकीचा विचार करत होतो, सॉकेट साफ करून चालेल असं. एक वायर सोलून बघितली तर आतली तांब्याची तार टोकापासनं वीतभर आतपर्यंत काळी-हिरवी. पाणी तारेच्या पेडांतनं आत ओढलं जातं, बाहेरनं सॉकेट कितीही घासा. पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीभरच्या वायरींचा जुडगा, नवीन बांधला, जुना पाटावर खिळे मारून ताणला आणि त्यावरच नवीन वायरी टाकत गेलो, मी आणि पोरगी, ती अकरावीला आहे, तिनं प्रत्येक वायरीचा रंग वहीत लिहिला. हेडलाइटला रिले लावले. पूर्वी सगळा करंट स्विचमधनं जायचा, 60 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 10 अँपिअर, बारीक वायरीत व्होल्टेज पडायचं आणि लाइट पिवळा. रिलेनंतर त्याच बल्बचा उजेड मला ओळखू येईना.

आता गाडी मनासारखी करायचा भाग. भाच्याला ती उंच करायची होती, रुंद टायर, पुढं बुलबार, छतावर लाइटची पट्टी. त्याच्याकडं फोटोच होते तयार. मी त्याला बसवून सांगितलं, बाबा, बुलबारवर 2017 च्या डिसेंबरपासनं केंद्राची बंदी आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असं आहे की कंपनीनं बनवलेल्या मूळ मापांत, रचनेत बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं 2019 च्या जानेवारीत तेच परत स्पष्ट केलंय. ही मालवाहू गाडी, पिवळ्या पाटीची, दरवर्षी फिटनेसला जाणार. तो म्हणाला, "मामा, मग कस्टम काय करायचं?" मी म्हणालो, जे अप्पांच्या उपयोगाचं आहे ते. त्याला ते तेव्हा पटलं नाही, पण हौद्याचं काम निघाल्यावर तोच सगळ्यात जास्त राबला.

हौद्याच्या पत्र्यावर जुन्या फळ्या होत्या, त्या उचलल्या तर फळी आणि पत्र्याच्या मधे पिवळा थर. हळद. पुराच्या गाळाखाली, वीस वर्षांच्या पोत्यांतनं झिरपलेली, कडक झालेली. अप्पा तिथं खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी नखानं थोडी खरवडली, वास घेतला आणि म्हणाले, "राजापुरी हाय." मी ती एका डबीत काढून ठेवलीय.

नवीन फळ्या बाभळीच्या घातल्या. लोक सागवान सांगतात, पण बैलगाडीला आपल्याकडं बाभूळच का वापरायचे, कारण ती घासायला कठीण आणि स्वस्त. वाळलेली बघून घ्यायची, ओली घेतली तर पीळ पडतो. प्रत्येक दोन फळ्यांत बोटाच्या पेराएवढी फट ठेवली आणि खाली रबराच्या पट्ट्या, म्हणजे पाणी अडकणार नाही. फाळक्याला आतनं एक घडीची पायरी केली, अप्पांचे गुडघे दुखतात, आता ते हौद्यात स्वत: चढतात. केबिनमध्ये सीट जरा उंच आणि पाठीला टेकू, त्यावर जाड रेक्झिन. बास. एवढंच कस्टम, आणि मला ते पुरेसं वाटतं.

रंगाबद्दल घरात फार चर्चा झाली. आईला हळदी रंग पाहिजे होता. आरसीवर पांढरा आहे, रंग बदलला की आरटीओत अर्ज करून आरसीत नोंद करायला लागते, ते करता आलं असतं, पण अप्पांनी पांढराच म्हटलं. मग बाहेरनं पांढरा आणि हौदा आतनं हळदी, दोघांचं झालं. पत्र्याचं वेल्डिंग, थोडी लांबी, प्रायमर घरी, ताडपत्रीच्या तंबूत. शेवटचा रंग मात्र मी घरी मारला नाही. दोन डब्यांचा पीयू रंग असतो त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला लागलं की कायमचा दमा होऊ शकतो, कापडी किंवा साध्या मास्कनं ते अडत नाही. बूथवाल्याकडं दिली, 34 हजारांत रंग झाला. केबिनच्या पुढच्या कपाळावर "श्री संगमेश्वर प्रसन्न" मात्र पेंटरकडनं ब्रशनं लिहून घेतलं, रेडियमचं नाही. असे पेंटर आता शोधायला लागतात, आम्हाला मिरजेत मिळाले, त्यांनी दोन तासांत फ्रीहॅंड लिहिलं आणि "प्रसन्न"च्या नच्या खाली एक छोटं हळकुंड काढलं, न सांगता.

कागदाचं काम कामाच्या सुरुवातीलाच बघायला पाहिजे होतं, मी शेवटाला बघितलं. गाडी उभी होती तेवढ्या दिवसांसाठी ती वापरात नाही असं आरटीओला वेळेत कळवलं असतं तर टॅक्सचं सोपं झालं असतं. आम्ही ते केलं नव्हतं, सगळं भरायला लागलं, वर जुन्या गाडीचा पर्यावरण कर. 15 वर्षांपुढच्या गाड्यांची फिटनेसची फी 2022 च्या एप्रिलपासनं चांगलीच वाढलीय, ते पण धरून चाला. नवीन एचएसआरपी नंबरपाटी, रिफ्लेक्टर टेप, इन्शुरन्स, पीयूसी. पीयूसीची मला धास्ती होती. जुन्या डिझेलला धुराची मर्यादा 65 हार्टरिज (धूर किती दाट त्याचं माप), आमची 41 आली, आणि तेव्हा मला तिसऱ्या सिलेंडरचा खरा आनंद झाला. फिटनेसला इन्स्पेक्टर साहेबांनी ब्रेक बघितला, लाइट बघितले, चेसीचा छाप घेतला, आकडे एकदम साफ उठले. पास.

एकूण खर्च 2 लाख 66 हजार, त्यात ते आधीचे वाया गेलेले 31 हजार धरून, कागदाचा खर्च वेगळा. चेसी आणि पत्र्यालाच 64 गेले. एवढ्यात बऱ्या अवस्थेतली सेकंडहँड गाडी आली असती हे खरं आहे आणि ज्याला धंद्यासाठी गाडी पाहिजे त्यानं तेच करावं. पण एक सांगतो, गेजचे 2,800 आधी खर्च केले असते तर ते 31 वाचले असतेच, आणि चार वर्षं चेसीत गाळ राहिला नसता तर वेल्डिंगचे निम्मे तरी वाचले असते. पूर ओसरल्यावर गाडी सापडली तर इंजिन फिरवू नका, ओढू तर अजिबातच नका. नोझल किंवा हिटर प्लग काढा, हातानं फिरवा, पाणी बाहेर येऊ दे. आणि चेसी आतनं धुवा, त्याच आठवड्यात, गाळ ओला आहे तोवर.

आता गाडी सहा हजार किलोमीटर झालीय. मध्ये परत गेज लावला, 27, 27, 26, 27. सकाळी एका हिटरमध्ये उठते. डाव्या दारातनं पावसाचं पाणी अजून आत येतंय, रबर दोनदा बदललं, बहुतेक दाराची चौकट पुरात किंवा ट्रॅक्टरच्या वेळी जरा पिळलीय, ते येत्या उन्हाळ्यात बघायचं. मेच्या शेवटी मी तो भोकांचा नकाशा काढतो आणि तारेनं एकेक निचरा मोकळा करतो, मग कॅमेरा आत घालून मेण कुठं गेलंय का बघतो.

पावसाळ्यात आयर्विनचं पाणी 35 फुटांवर गेल्याचं कळलं की गाडी सांगलीत विश्रामबागला, दाजींच्या दारात. हे अप्पांनीच ठरवलंय. ते स्वत: चालवत नेतात, मी मागनं मोटारसायकलवर, आणि तिथं पोचल्यावर ते बॅटरीची वायर स्वत:च्या हातानं सोडतात, मग आत चहाला जातात.